कानातला कापूस

सकाळी आठची पाळी सुरू झाली आणि तेजसने खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत घातले. जळगावच्या त्या चटईच्या कारखान्यात हे रोजचेच होते. बत्तीस माग एकदम चालू झाले की छताचे पत्रे थरथरायचे. शेजारच्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे, पण शब्द एकही पोचायचा नाही. हिरव्या-लाल प्लास्टिकच्या काड्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावायच्या आणि चटई बोटबोट पुढे सरकायची. तिथे दहा-दहा वर्षे काढलेली माणसे घरी बायकोशीही ओरडून बोलत.

कापूस तेजसच्या घरच्या शेतातला होता. शिरपूरजवळच्या गावी गेला की तो मूठभर बोंडे पिशवीत टाकून आणायचा. पण त्यातली सरकी काढून, कापूस पिंजून त्याचे बोळे करायचे काम त्याचे नव्हते. ते जुनैद करायचा.

जुनैद कारखान्यातला फिटर. त्याचे आजोबा, बँडवाले इसाकमियाँ, जळगावात लग्नाच्या वराती वाजवत. त्यांचे क्लॅरिनेट आता जुनैदकडे होते. तेजस गावच्या भजनात लहानपणापासून पेटीवर बसणारा. तीन वर्षांपूर्वी तो नवा लागला तेव्हा दोघांची ओळख झाली ती एका बिघाडावरून. सात नंबरचा माग सगळ्यांना ठीक वाटत होता. तेजस मात्र जाऊन फिटरच्या कानाशी ओरडला, "हा लंगडतोय. दर आठव्या ठोक्याला दम खातोय."

जुनैदने हातातला पाना खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहतच राहिला. मग तोही कानाशी ओरडला, "चार दिवस झाले, मी हेच सांगतोय. मालक म्हणतो, तुझे कान खराब झालेत."

"मग दोघांचेही झाले असतील."

त्या दिवशी जुनैद हसला. ते हसू तेजस खोलीवर घेऊन गेला आणि पुढे कितीतरी दिवस त्याला ते कुठे ठेवावे कळेना.

मागे चटयांचे गोदाम होते. जेवणाच्या सुटीत दोघे तिथे बसू लागले. गुंडाळलेल्या चटयांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. त्या आवाज गिळून टाकत. आत क्लॅरिनेट वाजले तरी दाराबाहेर मुंगीलाही कळू नये. तेजसने आपली पेटी तिथेच आणून ठेवली. वर्षभर नुसते सूर चालले. दुसऱ्या वर्षी एकदा जुनैदने त्याच्या कानातले कळकट बोळे पाहिले आणि भडकला. "हे असले घालतोस? कान गेले तर पेटी काय डोळ्यांनी वाजवणार?" तेव्हापासून तो बोळे करून देऊ लागला. तिसऱ्या वर्षी एका दुपारी बोळा हातात न देता त्याने स्वतःच्या बोटांनी तेजसच्या कानात बसवला. बोटे क्षणभर तिथेच राहिली. बोलायचे काही उरले नव्हते.

पण या मंगळवारी जुनैदने तेजसचा चेहरा पाहूनच विचारले, "काय झालं?"

"रविवारी पहूरला जायचंय. मुलगी पाहायला. पसंत पडली तर तिथेच सुपारी फोडणार."

खानदेशात सुपारी फुटली की लग्न ठरले. वडीलधाऱ्यांनी चारचौघांत अडकित्त्याने सुपारी फोडायची, एकेक खांड तोंडात टाकायचे. मग त्या शब्दातून ना मुलगा सुटतो ना मुलगी.

जुनैद बोंडातून सरकी काढत राहिला. "घरी तू सांगितलं होतंस ना?"

"आईला सांगितलं. तिने दादांना. दादांनी एका बुवाकडे नेलं, दंडाला गंडा बांधला, माझा फोन महिनाभर कपाटात ठेवला. आता म्हणतात, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. आई म्हणते, नाही म्हणशील तर विहीर जवळ करेन."

"तू लग्न कर, न कर, मी तुला अडवणार नाही," जुनैद म्हणाला. "माझ्याही घरी अम्मीने तीन फोटो काढून ठेवलेत. मी काय सांगू तुला? पण त्या मुलीला तू काय सांगशील?"

भोंगा झाला. त्याने बोळे कानांत घातले आणि मागावर जाऊन उभा राहिला.

शनिवारी तो गावी पोचला तेव्हा आई, बेबाबाई, नवी साडी उन्हात घालून बसली होती. वडील पितांबर, ज्यांना तो दादा म्हणायचा, दाढी करून चकचकीत झाले होते. घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज होता. चुलीपाशी कौतिक आत्या भाकरी थापत होती. आत्या पितांबरची मोठी बहीण. तीन वर्षे सासरी नांदली आणि मग नवऱ्याने माहेरी आणून सोडली, ती पस्तीस वर्षे इथेच. टाकलेली, वांझ, गावाने तिला दोन शब्द लावले आणि विषय मिटवला. मंगळागौर असो, हळद असो, आत्या चुलीपाशी.

"जीप सांगेल शे," पितांबर अहिराणीत म्हणाले. "अक्का, तू भी चाल. पन सुपारी फुटानी तवपावत मधली खोलीमां बठजो. उगाच अपशकुन नको."

"बठसू," आत्या म्हणाली. तिला सवय होती.

मागच्या ओसरीवर तेजस एकटा सापडला तेव्हा ती त्याच्यासमोर ताट ठेवून बसली.

"तुना फोनमां ते वाजस ना, लांबडी पुंगीनं," ती म्हणाली, "कोन वाजाडस?"

"माझा मित्र."

"मना नवराना भी एक मितर व्हता." आत्याने इकडेतिकडे पाहिले. "मना नवरा वाईट नव्हता रे. कधी हात उचला नही, कधी शिवी दिधी नही. कधी जवळ भी उना नही. त्याले चार जनस्नी धरीसन लगीन लाई दिधं. म्हनेत, बायको उनी का सुधरी जाई. तीन वरीस मी रोज आरसामां देखू, मनामां काय खोट शे? सगळास्ले माहीत व्हतं. माले एकलीलेच माहीत नव्हतं."

तेजसच्या हातातला घास तसाच राहिला.

"जेव," आत्या म्हणाली. "भाकर थंडी व्हयनी."

रविवारी पहूरला मुलीचे, मोनालीचे, घर टापटीप होते. मुलीचे वडील नव्हते. सगळा कारभार काका अभिमन यांच्या हाती. चटईवर पाहुणे बसले. तेजसने वीण ओळखली, त्यांच्याच कारखान्याची. मध्ये तबक, तबकात पाने, अख्खी सुपारी आणि पितळी अडकित्ता. आत्या मधल्या खोलीच्या उंबऱ्याआत बसली.

पोहे झाले, चहा झाला. अभिमनकाका म्हणाले, "आजकालचा जमाना हाये. पोरापोरीले पाच मिन्टं बोलू द्या."

मागच्या अंगणात केळीची दोन खुंटं आणि कपडे वाळत घातलेली दोरी होती. मोनाली दोरीपाशी उभी राहिली. शास्त्र शाखेची पदवी झालेली, पुढे शिकायची इच्छा असलेली, असे फोटोबरोबरच्या कागदावर लिहिले होते.

"तुम्ही विचारा काहीतरी," ती म्हणाली. "आधीच्या तिघांनी स्वयंपाकाचं विचारलं होतं."

"माझं मन दुसरीकडे आहे," तेजस एका दमात म्हणाला. "तीन वर्षांपासून. तो माझ्याबरोबर कामाला आहे. तो पुरुष आहे. मी कुठल्याच मुलीचा नवरा होऊ शकत नाही."

मोनालीने हळू विचारले, "घरी माहीत आहे?"

"हो."

"तरी घेऊन आले?"

"हो."

"आणि तुम्ही आलात."

तेजसने मान खाली घातली. "तुम्ही नाही म्हणा. कारण सांगू नका. नुसतं नाही म्हणा."

ती हसली, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "मी नाही म्हटलं की काय होतं, कल्पना आहे तुम्हाला? बरं. म्हणते." आणि ओढणी सावरून ती आत गेली.

तेजस तिच्या मागोमाग आला. त्याला वाटले, सुटलो. कुणाला कळणार नाही, आई विहिरीकडे जाणार नाही, सोमवारी पाळीवर जाता येईल. तीन वर्षांत त्याने एवढा हलका श्वास घेतला नव्हता.

"काका, मला हे स्थळ नको," मोनाली म्हणाली.

अभिमनकाकांनी हातात घेतलेला अडकित्ता खाली ठेवला. "का नको? पोराले काय शिंगं फुटेल हायेत?"

"नको म्हणजे नको."

"ऐका! चौथं स्थळ हाये हे! दोन बुकं शिकली तं डोक्यावर बसली. तुह्या बापाच्या माघारी मी लोकांच्या दारात हिंडून राह्यलो, अन् तू पाव्हण्याईसमोर माही इज्जत काढू राह्यली?" काका उठले आणि त्यांनी तिचा दंड धरला. मोनालीची आई मध्ये आली तर तिलाही बाजूला लोटले. "कोनाशी लफडं हाये का? सांग!"

मोनाली तेजसकडे पाहत नव्हती. जमिनीकडे पाहत होती. कारण सांगू नका असे तो म्हणाला होता, ते ती पाळत होती.

पितांबर धोतराचा सोगा झटकत उठले. ज्यांना सगळे ठाऊक होते ते पितांबर. "र्‍हाऊ द्या, पाव्हना," ते म्हणाले. "पोर तोरानीच दिसस. आमना पोऱ्याले शंभर मिळतीन."

"आम्हीच वाचनूत म्हना," बेबाबाईने जोड दिली. "आशी पोर घरमां उनी व्हती तं…"

तेजसने उंबऱ्याकडे पाहिले. आत्या आत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि मोनालीच्या दंडावरल्या बोटांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वीचे काहीतरी पुन्हा पाहत असावी तसा तो चेहरा होता. आणि तेजसला एकदम समजले की आपण सुटलेलो नाही. आपण फक्त आपल्या जागी दुसऱ्या कुणाला तरी कोंडले आहे.

"काका, तिचा हात सोडा," तो म्हणाला.

"तुम्ही बसा, जावईबापू— पाव्हणं, बसा तुम्ही."

"सोडा म्हणतो ना! नकार तिचा नाही. माझा आहे. मीच तिला नाही म्हणायला सांगितलं." त्याचा आवाज मागांच्या आवाजावर चढवल्यासारखा मोठा निघाला. "माझं एका पुरुषावर प्रेम आहे. माझ्या आईला माहीत आहे, दादांना माहीत आहे. ते लपवून तुमची मुलगी न्यायला आलो होतो आम्ही. तोरा तिचा नाही, दादा. खोट तिच्यात नाही. खोट आपल्यात आहे."

पितांबरच्या पाची बोटांचा आवाज खोलीभर झाला. तेजस हलला नाही. बेबाबाईने तोंडात पदर कोंबला. अभिमनकाकांचा हात आपोआप सुटला. कुणावर ओरडावे ते त्यांना कळेना.

त्या गोंधळात मोनालीची आई पुढे आली. कुणाशी एक शब्द न बोलता तिने तबकातला अडकित्ता उचलला, पदराखाली घेतला आणि आत निघून गेली. सुपारी अख्खीच राहिली.

जीपच्या दाराशी पितांबरांनी हात आडवा लावला. "तू नही बठाव. आजपाईन तू मना कोनी नही."

तेजस बाजूला झाला. आई मागच्या सीटवर रडत होती. तिने पाहिले नाही. जीप सुरू झाली, दहा पावले गेली आणि थांबली. दार उघडले. कौतिक आत्या खाली उतरली, हातात तिची कापडी पिशवी.

"अक्का!" पितांबर ओरडले. "बठ गुमान!"

"पस्तीस वरीस बठनू," आत्या म्हणाली. "आते पाय आखडनात."

फाट्यावर जळगावची एसटी मिळाली. खिडकीपाशी आत्या बसली. बराच रस्ता गेल्यावर तिने विचारले, "तुनी खोली केवढी शे?"

"दहा बाय दहा."

"मंग चूल बाहेर मांडसू."

सोमवारी गोष्ट कारखान्यात पोचलेली होती. पहूरकडचे दोघे तिथे कामाला होते, आणि तेजस रोज गोदामात कुणाबरोबर बसतो हे सगळ्यांना ठाऊक होते. काही जणांनी डबा उचलून दुसरीकडे नेला. एक जण जुनैदच्या पाठीमागून टाळी वाजवून गेला. मालकाने दोघांना बोलावून महिनाअखेरीस बघू, एवढेच सांगितले. त्यात काय दडले होते ते दोघांनाही कळले. जुनैदच्या घरी त्या सकाळी चहा झाला नव्हता. पहूरला मोनालीचे काय झाले, हे तर समजायला मार्गच नव्हता, आणि तो प्रश्न तेजसच्या छातीवरून हलत नव्हता. हलूही नये.

जेवणाच्या सुटीत आत्या डबा घेऊन आली. फाटकावरच्या माणसाने अडवले तर म्हणाली, "मना भाचा शे." गोदामात ती चटयांच्या थप्पीला टेकून बसली आणि जुनैदकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ती लांबडी पुंगी तूच वाजाडस का?"

"हो, आत्या."

"भाकर खाय आधी. हाडं दिखी राहिनात तुनी."

जेवण झाले. जुनैदने खोक्यातून क्लॅरिनेट काढून जोडले. तेजसने पेटीचा भाता उघडला आणि सवयीने उठून गोदामाचे दार लोटायला गेला.

"ऱ्हाऊ दे उघडं," आत्या म्हणाली.

तेजसचा हात कडीवर थांबला. बाहेर उन्हात पंधरा-वीस माणसे डबे उघडून बसली होती. काहींनी मान वर करून पाहिले. लोकांचे बोलणे नको म्हणून आज सुटीतही कानांत तसेच ठेवलेले बोळे त्याने काढले, खिशात ठेवले आणि दार भिंतीपर्यंत सरकवून दिले.

सूर बाहेर गेला. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठून गेले, कुणी बसून राहिले. चटया आवाज गिळतात, पण उघड्या दाराचे त्यांना काही करता येत नाही.

ज्यांच्या घरी उद्या सुपारी फुटणार आहे, त्यांनी एकदा आपल्या कानांत बोटे घालून पाहावीत. तिथे कापूस असेल तर तो कुणी घातला, आणि मधल्या खोलीत कोण बसले आहे, हे त्यांचे त्यांना आठवेल.