आठ शून्यं

मे महिन्यात सटाण्याजवळच्या एका माळाची मी खोटी पाहणी केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी उगाच चांगलं म्हणायला नको.

पक्षिगणनेची पद्धत सोपी आहे. माळावर दहा थांबे ठरवायचे, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, दिसेल ते लिहायचं. दिसलं नाही तर शून्य. गेली सोळा वर्षं मी हेच करते आहे आणि माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. त्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकातून पहाटेची बस पकडून गेले, दोन थांबे केले, चार चंडोल लिहिले. मग ऊन असं तापलं की रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत जाऊन बसले आणि उरलेल्या आठ थांब्यांपुढे शून्य लिहून मोकळी झाले. ज्या संस्थेसाठी मी ही गणना करते, तिने कागद बघितला, माळ ओसाड ठरवला आणि तिथे झाडं लावायची ठरवली. त्यासाठी आधी असलेली झाडं काढायची. यात कुणालाच काही चमत्कारिक वाटलं नाही.

जुलैत नव्या रोपांसाठीचे खड्डे बघायला मला पाठवलं, तेव्हा एका हिवराच्या बेचक्यात घरटं दिसलं. पांढऱ्या पोटाच्या निखाराचं. निखार चिमणीपेक्षा लहान. नराची पाठ काळी, छातीवर नारिंगी डाग. विझत आलेल्या चुलीत फुंकर मारल्यावर दिसतो तसा. हा पक्षी बाभळी-हिवराच्या काटेरी माळातच राहतो, बागेत येत नाही. घरटं कोळ्याच्या जाळ्याने सालीचे तुकडे चिकटवून केलेलं, फांदीची गाठच वाटावी असं. आत तीन पिल्लं. उडायला अजून आठवडा तरी हवा होता.

मी नाशिकला शेखरना फोन लावला. ते आमचे साहेब.

"ज्योत्स्नाताई, तुमच्याच कागदावर शून्य आहे," ते म्हणाले.

तिथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "आता एक घरटं आहे."

"मग ते एक झाड ठेवू."

मी बरं म्हटलं. मला घरी जायचं होतं.

पाच दिवसांनी परत आले तर अर्धा माळ साफ झाला होता. मधोमध तो हिवर एकटा उभा. बुंध्याशी एक दगड, त्याला शेंदूर फासलेला, बाजूला करवंटीत पाणी. मशीन चालवणारा हिरामण मशीनवरून उतरून लगबगीने आला.

"ताई, तुमचं झाड राखेल शे," तो म्हणाला. "देव मांडला. आता कोनी कुऱ्हाड लावणार नाय."

त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वर बघवेना. बघितलं. घरटं रिकामं होतं, एका बाजूने उसवलेलं.

"कावळे आले," हिरामण म्हणाला. "परवा. मी दगडं मारले, पन किती मारणार? आधी नव्हते येत."

आधी आजूबाजूला दोनशे झाडं होती. त्यांत ते घरटं कुणाला सापडलं नसतं. आम्ही ते ताटात वाढून ठेवलं होतं. मला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला.

"उरलेला माळ कधी?" मी विचारलं.

"आजच. तिकडं बी हाय का तुमचं पाखरू?"

"माहीत नाही. मी तिकडे गेलेच नव्हते, हिरामणभाऊ. न चालताच लिहिलं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग आता चाला," तो म्हणाला. मशीन बंद करून त्याने चावी खिशात घातली. "दुपारपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं मला फोन येतील."

मी चालले. साफ झालेल्या भागातले थांबे गेलेच होते. पलीकडे चार उरले होते. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर बोरीत मुनियांचा थवा. तिसऱ्यावर गुडघा धरून खालीच बसले, आणि पाच मिनिटं संपता संपता एका बाभळीवर तो नारिंगी डाग हलला. मागून मादी आली, राखाडी, चोचीत कोळ्याचं जाळं. फांदीच्या बेचक्यात तिने ते चिकटवलं, छातीने दाबलं आणि पुन्हा आणायला गेली. तीच जोडी की दुसरी, मला सांगता येणार नाही. पण कुणीतरी पहिल्यापासून सुरुवात केली होती.

चौथा थांबाही केला. मग तिथेच उभी राहून फोन लावला.

"आता काय, ताई?" शेखर म्हणाले. "अजून एक झाड?"

"नाही," मी म्हणाले. "मे महिन्यातली ती आठ शून्यं मी चहाच्या टपरीत बसून लिहिली होती."