भिंतीला चिकटणारी दांडी

ऑफिसात त्याला सगळे 'साहित्यिक' म्हणत. काम होतं ऑनलाइन दुकानांसाठी खोटे अभिप्राय लिहिण्याचं, पण त्यात त्याचा हात असा काही बसला होता की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. गादी विकायची असली की त्याची कंबर दुखू लागे आणि जन्मात न पाहिलेल्या मिक्सरमुळे त्याचा संसार सुखाचा होई. आईशी मात्र तो फोनवर "बरी आहेस ना? ठेवतो मग," यापलीकडे बोलत नसे. दिवसभर इतके शब्द खर्च होतात, घरच्यांसाठी काही उरतच नाही, असं त्याचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी तो आईकडे गेला आणि हात धुवायला बाथरूममध्ये शिरला, तर टाइल्सवर एक पांढरी दांडी. दोन्ही टोकांच्या रबरी वाट्या दाबायच्या की झालं, ना खिळा ना स्क्रू. त्याने ती लगेच ओळखली. दांडी त्याने नुसती फोटोत पाहिली होती, पण तिच्याबद्दल भरभरून लिहिलं होतं.

"कालच आली," आई मागून कौतुकाने म्हणाली. "आंघोळ करून उठताना धरायला. पडायची फार भीती वाटते रे हल्ली."

"मला विचारायचं तरी!"

"तू फोनवर थांबतोस कुठे? एका मुलाने लिहिलंय ना तिथे. त्याच्या आईचा डावा गुडघा कामातून गेलाय. ती रोज सगळा भार या दांडीवर टाकून उठते, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला शांतता. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

साहित्यिकाचे कान लाल झाले. "आई, ते सगळं खोटं आहे. मीच लिहिलंय ते. मला त्याचाच पगार मिळतो."

आईला हसू आवरेना. "तू? बरं, माझा कुठला गुडघा दुखतो, सांग बघू."

"डावा," तो म्हणाला.

"उजवा! आणि म्हणे मी लिहिलंय." असं म्हणत ती ओल्या फरशीवर पुढे सरकली. "ही बघ, कशी पक्की बसलीय."

तिने भार टाकला आणि दांडी सुटून बादलीत पडली. त्याने आईला धरलं म्हणून, नाहीतर डोकं नळावरच आपटलं असतं. ती त्याच्या हातांत थरथरत होती. किती हलकी झाली होती ती! त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

खुर्चीवर बसून पाणी प्यायल्यावर आई एकदम म्हणाली, "अगं बाई! ती बिचारी!"

"कोण?"

"त्या मुलाची आई. ती अजून हिच्याच भरवशावर असेल. घे माझा मोबाइल, सांगते तसं लिही."

अशी कुणी बाई नाहीच, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो गुपचूप लिहीत गेला.

"डावा गुडघा दुखणाऱ्या ताईंनी ही दांडी धरू नये, निसटते. ताई, तुमचा मुलगा मनाने चांगला आहे, पण त्याने ती स्वतः ओढून पाहिली नसावी. त्याला रागावू नका."

त्याने एकही शब्द बदलला नाही.

"तारे किती देऊ?" त्याने विचारलं.

"एकही नको."

"एक तरी द्यावाच लागतो, आई. त्याशिवाय पुढे जात नाही."

"मग दे एक," ती म्हणाली. "त्या मुलाच्या नावाने."