मासळीच्या नावावर न्यूट्रॉन

प्रदूषण मंडळाच्या कचेरीत, साहेबांच्या केबिनबाहेर मेहुलने फ्लेक्स उलगडला आणि सोबत म्हणून आलेली हेमांगी तो वाचायला वाकली. वर मथळा होता: चिंचणीच्या खाडीतली मासळी कशी संपली. मथळ्याखाली झरकन चढून मग लांबवर उतरत गेलेली रेघ. आणि रेघेखाली तिचं नाव, डॉक्टर लावून.

ती रेघ मासळीची नव्हतीच. युरेनियमचं अणुकेंद्र फुटलं की त्याचे दोन तापलेले तुकडे होतात, आणि उकळत्या भांड्यातून वाफ निघावी तसे त्यांच्यातून न्यूट्रॉन निघतात. कोणत्या ऊर्जेचे किती, ते ही रेघ सांगत होती. मंद थोडे, मध्यम पुष्कळ, वेगवान मात्र कमी कमी होत जाणारे. दोन्ही तुकडे सारखेच तापलेले धरले तर रेघेची शेपटी मोजमापांशी नीट जुळेना, म्हणून हेमांगीने दोघांना वेगवेगळं तापमान देऊन पाहिलं होतं. पालघरच्या कॉलेजात शिकवून उरलेला सगळा वेळ तिने त्या शेपटीपायी घातला होता. शोधनिबंध स्वीकारला गेला त्या दिवशी तिने ती रेघ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवली. मेहुलने, तिच्या मावसभावाने, ती तिथून उचलून थेट बोईसरच्या फ्लेक्सवाल्याकडे नेली.

"मेहुल, हे काय करून ठेवलंस?"

"साहेब बोलला, तोंडी चालनार नाय, आलेख आना. आमी कुठनं आननार? तुजी रेघ बगितली. आमच्या मासळीसारकीच पडते."

"अरे, ती अणूची आहे."

"त्याला काय कलतंय."

बाकावर येसूबाई टोपली घेऊन बसली होती. खाडीत निवटे आणि चिंबोऱ्या धरण्यात तिचा जन्म गेलेला. "बाय, तू फकस्त गप ऱ्हा," ती म्हणाली. "येवरा शिकलीस, गप ऱ्हायला नाय शिकवलं काय तुला?"

आत साहेबांनी फ्लेक्स पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा. याला म्हणतात अभ्यास. खाली एक ते दहा, म्हणजे दहा वर्षं. आता हे मी वर पाठवू शकतो. चौकशी लागेल."

मेहुलने तिला हळूच कोपर मारलं.

हेमांगीची कानशिलं तापली. कारखान्याचं पाणी खाडीत येतं हे तिचं नाक लहानपणापासून ओळखत होतं. त्या पाण्याने येसूबाईच्या हातांवर उठलेले चट्टे साहेबांना दारातून दिसत होते, पण तो पुरावा नव्हता. कुणाची कोण ती रेघ मात्र पुरावा होती, कारण ती वळणदार होती आणि खाली डॉक्टर लिहिलं होतं. गप्प बसलं तर चौकशी लागणार होती. पण उद्या कारखान्याच्या वकिलाने ही रेघ भौतिकीच्या कुणा माणसाला दाखवली, की खाडीची खरी तक्रारही हसण्यावारी जाणार होती.

"साहेब, हे आकडे वर्षांचे नाहीत," ती म्हणाली. "ती न्यूट्रॉनची ऊर्जा आहे. रेघ माझी आहे, पण खाडीशी तिचा काही संबंध नाही."

मेहुलने तोंड भिंतीकडे वळवलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना चक्क हायसं वाटलेलं दिसलं.

"म्हणजे पुरावा खोटा. मग विषयच संपला."

"कसा संपला?" तिच्या विद्यार्थ्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. "खोटी रेघ तुम्हाला चालत होती. ती कशाची, एवढंही तुम्ही विचारलं नाही. मासळी मोजायला इथून कधी कुणी आलं नाही, आणि आकडे मागता यांच्याकडे? पाणी बाटलीत भरा, तपासा. आकडे तिथून निघतील."

"मॅडम, रीतसर अर्ज करा."

"अर्ज यांनी केव्हाच दिलाय, तुमच्या कोपराखाली आहे. खाडी चिंचणीला आहे. चला." ती समोरची खुर्ची ओढून बसली. येसूबाईही टोपलीसकट आत आली आणि फरशीवर ऐसपैस टेकली.

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आज गाडी नाहीये."

"टमटम हाय ना आमची," मेहुल भिंतीकडे बघतच म्हणाला. "साहेब, तुमी पुडं बसा. मागं वास येल."

शेवटी शिपायाला बाटल्या आणायला सांगितलं गेलं. जिना उतरताना मेहुल पुटपुटला, "अर्ज पास झाला असता आज."

"झाला असता. पण तुमचा नाही, युरेनियमचा."

तो हसला नाही. साहेब पुढे बसले, रुमाल नाकाला लावून. हेमांगी येसूबाईला खेटून मागे बसली. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि खाडी येईपर्यंत तो उतरू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं.