रतनबाईशेजारची जागा

"हितं कुत्री येत्यात का हो, बाबा?"

चुन्यात बुडवलेला कुंचा हातात तसाच धरून शांतवननं मागं पाहिलं. ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाशी एक तरुण बाई उभी होती. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं छातीशी गच्च धरलं होतं. मागं तिचा नवरा, आणि पलीकडं रस्त्यावर ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळीचा ट्रक. ट्रकात भांडी, बाजली, शेळ्या आणि गप्प बसलेली माणसं.

"चारी बाजूनं भिंत हाय. न्हाई येत," शांतवन म्हणाला. "का गं बाई?"

तिनं हातातलं गुंडाळं थोडं वर केलं. शांतवननं कुंचा बादलीत ठेवला.

पूजा तिचं नाव, नवऱ्याचं गोरक्ष. पाथर्डीकडची माणसं. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी माघारी निघाली आणि वाटेत तान्ह्या पोराला ताप भरला. कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेलेलं लेकरू ट्रकात घेऊन पुढं जायला बाकीच्या बाया भ्यायल्या. त्यांच्याही मांडीवर लेकरं होती. मुकादम बन्सी म्हणाला, ओढ्याकाठी पुरू. पूजा ओढ्यापर्यंत गेली, वाळूत कुत्र्यांची पावलं पाहिली आणि तशीच माघारी फिरली.

"आमी तुमच्यातले न्हाई," गोरक्ष खाली बघत म्हणाला. "पर ती ऐकंना झालीया."

शांतवननं उभी हयात विहिरी खोदण्यात घालवली होती. हात थकले तेव्हा गावच्या ख्रिस्ती मंडळीनं त्याला प्रार्थनेचं देऊळ झाडायचं आणि ही दफनभूमी राखायचं काम दिलं. उद्या ईस्टर. पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन इथं येणार, म्हणून तो सकाळपासून कबरींना चुना देत होता. जागा कुठं आहे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जागा नव्हतीच. भिंतीच्या कडेनं सगळा खडक. माती फक्त एका ठिकाणी उरली होती, रतनबाईच्या शेजारी.

रतनबाई त्याची बायको. अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं एकच मागणं केलं होतं. "मला एकटीला ठिवू नका. शेजारची जागा धरा तुमच्यासाठी." त्यानं तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. पंचकमिटीनंही ती जागा त्याच्या नावावर सोडली होती.

काल शुभ शुक्रवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, प्रभूला स्वतःची कबरसुद्धा नव्हती, परक्या माणसाच्या कबरेत ठेवावं लागलं. तेव्हा उपासानं शांतवनला पेंग आली होती. आता ते शब्द आठवले आणि त्याला थोडा रागच आला. असलं काही ऐकायला सोपं असतं.

तो रतनबाईच्या कबरीजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग कोपऱ्यातली कुदळ उचलली.

त्यानं आणि गोरक्षनं मिळून खोदायला सुरुवात केली तोच मोटरसायकल थांबली. पंचांमधले आबासाहेब फुलांची पाटी घेऊन आले होते. खड्डा पाहून ते जागीच थबकले.

"तात्या, हे काय चाललंय? बाहेरच्याला हितं जागा न्हाई, ठरलंय आपलं."

"मंडळीची जागा न्हाई दिली मी. माझी दिली."

"आन् तुमाला कुठं ठिवायचं मग?"

"ठिवा कुठंबी. मी काय बघाया येनार हाय?"

"वयनींना शब्द दिल्ता तुमी," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले.

कुदळ थांबली. शांतवननं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. घामच होता असं नाही.

"दिल्ता," तो म्हणाला. "तिला मी सांगंन."

आबासाहेबांनी फुलांची पाटी फाटकाशी ठेवली आणि ते निघून गेले.

खड्डा लहानच होता, पण त्यानं जागेचा मधलाच भाग घेतला. आता तिथं मोठं माणूस मावणार नव्हतं. शांतवननं तळाशी लिंबाचा पाला अंथरला. पूजा गुंडाळं सोडेना. गोरक्षनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"नाव काय लेकराचं? प्रार्थनेत घ्यावं लागतं."

"बारसं झालं न्हाई अजून," पूजा म्हणाली. "मढीला नाथाच्या देवळात नेऊन कानिफनाथ नाव ठिवायचं हुतं."

शांतवननं डोळे मिटले. त्याला पाळकसाहेबांसारखं बोलता येत नसे. "बापा, ह्या कानिफनाथाला घे. लई ल्हान हाय. ह्याच्या आईला बळ दे," एवढंच तो म्हणाला आणि पुढं काही सुचेना म्हणून आमेन म्हणाला. दोघांनी हात जोडले.

माती लोटून झाल्यावर पूजा तिथंच बसली. तिची चोळी पुढून भिजली होती. ती ढिगाऱ्यावर वाकली आणि पदराआड आपलं दूध मातीवर पिळू लागली. शांतवननं पाठ फिरवली. चुना देऊन झालेल्या कबरीलाच तो पुन्हा पुन्हा कुंचा मारत राहिला, ट्रक सुरू होऊन दूर जाईपर्यंत.

ईस्टरच्या पहाटे मंडळी गीत गात आली. ज्यानं त्यानं आपापल्या माणसापाशी मेणबत्ती लावली. दर वर्षी शांतवन रतनबाईच्या उजव्या अंगाला, स्वतःसाठी धरलेल्या जागेवर बसायचा. या वर्षी तो डाव्या अंगाला, ऐन वाटेतच मांडी घालून बसला. लोक त्याच्या बाजूनं वाट काढत पुढं जात होते.

आबासाहेब आले. तोवर गर्दीनं वाट अडली होती आणि पलीकडून जायला तो इवलासा ढिगारा सहज ओलांडता आला असता. त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं मोठा वळसा घालून ते पुढं गेले.