उसन्या गोळ्या

"चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" बाकावरून कंडक्टर ओरडला आणि मिस्त्रीची बायको चालता चालता खुदकन हसली.

"काका, तुम्ही गप्प बसा बघू," स्टॉपवॉच घेऊन उभी असलेली मुलगी वैतागली. "चाचणी चालू आहे. आणि ताई, हसू नका, दम लागेल."

छातीच्या दवाखान्यातली ही सहा मिनिटांची चाचणी. लांब व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन केशरी शंकू ठेवायचे, पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि सहा मिनिटांत झेपतील तेवढ्या फेऱ्या मारायला लावायच्या. एकूण किती मीटर झाले ते बघून डॉक्टर औषध वाढवायचं की आहे तेच ठेवायचं ते ठरवत. दर तीन महिन्यांनी ही परीक्षा असे आणि मिस्त्री पाण्याची बाटली, फाइल आणि गोळ्यांचा डबा सांभाळत भिंतीला टेकून उभा राही. शाळेबाहेर पालक उभे राहतात तसा.

"तीनशे चाळीस मीटर," मुलगी म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा तीस जास्त. छान!"

"वा! आपली गाडी टायमात आली," कंडक्टरने टाळी वाजवली.

बायको खुर्चीत बसून धापा टाकत होती, पण धापा टाकता टाकता बघत होती कंडक्टरकडे. मिस्त्री बाटलीचं झाकण उघडून शेजारी उभा होता. पाणी तिने घेतलं, पण कंडक्टरशी बोलून झाल्यावर. हे तीस मीटर नक्की कुणामुळे वाढले, हा आता मिस्त्रीचा सवाल होता.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बाजारामागच्या गल्लीत एक टेबल मावेल एवढं त्याचं दुकान. मशीन चार टाके चाललं की नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस. चार वर्षांपूर्वी बायकोचा पाय मोडला. प्लास्टरमधल्या पायात रक्ताची गाठ झाली आणि तिथून ती थेट फुप्फुसात जाऊन बसली. पोटात टोचायची इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या झाल्या. बऱ्याच गाठी विरघळल्या, काही रक्तवाहिन्यांना चिकटून राहिल्या त्या राहिल्याच, आणि फुप्फुसातला दाब वाढून बसला. मग दाबाच्या गोळ्या आल्या. दिवसातून तीनदा, आयुष्यभर.

मिस्त्रीने हे सगळं अंगावर घेतलं. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. दुपारची गोळी चुकू नये म्हणून हातातलं मशीन उघडं टाकून तो घरी यायचा. दवाखान्याच्या खिडकीवर दाबाच्या गोळ्या कधी कधी पंधरा-पंधरा दिवस नसतात हे कळल्यावर त्याने तीन महिन्यांचा साठा कपाटात करून ठेवला. चार वर्षांत एक गोळी म्हणून चुकली नव्हती. पण त्या चार वर्षांत बायको त्याच्यासमोर एकदाही अशी खुदकन हसली नव्हती. आणि हा कोण कुठला निवृत्त कंडक्टर, ज्याला स्वतःला त्याच दुखण्याने दोनशे मीटरमध्ये घाम फुटतो, तो बाकावर बसल्या बसल्या तिला हसवत होता. बरं, तिला 'ताई' म्हणायचा. त्यामुळे उघड राग धरायचीही सोय नव्हती.

घरी येताना बायको पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली.

"काय होतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? गरगरतंय का? छातीत भरल्यासारखं वाटतंय?"

"अहो, जरा उभी राहू द्या ना. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मग कुणाला कळतं?"

ती कठड्याला धरून श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "कंडक्टर म्हणत होते, जिना संपतो पण छातीला वाटतं, अजून एक मजला बाकी आहे. अगदी तस्सं होतं बघा."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं दर जिन्यावर 'काय होतंय' असं तो विचारत आला होता, आणि उत्तर तिने आणलं ते परक्याच्या तोंडचं. शिवाय उत्तर चांगलं होतं, हे जास्त झोंबलं.

घरात शिरल्या शिरल्या त्याने गोळ्यांचा डबा उघडला. "एक पाकीट कमी आहे."

"कंडक्टरना दिलं. खिडकीवर साठा नाहीये."

दवाखान्यातल्या त्या बाकावरच्या पेशंटांची ती रीतच होती. एकाच्या गोळ्या संपल्या की दुसरा आपल्यातल्या देई, साठा आला की पहिला परत करी. सिस्टर दिसेल त्याला झापायची, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं म्हणायची. पण या गोळ्या एकदम बंद झाल्या तर दाब उसळी मारतो हेही तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. त्यामुळे बाकावरची उसनवारी चालूच राहिली.

"माझ्या गोळ्या तू त्या माणसाला..."

"तुमच्या?" बायकोने विचारलं.

मिस्त्रीने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा लावलं.

पंधरा दिवसांनी तिला न्यूमोनिया झाला. एरवी 'होईल बरं' म्हणत अंगावर काढणारी बाई सकाळी सकाळी पिशवी भरून, चपला घालून पलंगाशी उभी होती. "उठा, दवाखान्यात जायचंय." एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक निघाला. तिला भरती करून नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले. "दाबाच्या पेशंटला न्यूमोनिया म्हणजे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो." मिस्त्रीची मान ताठ झाली. शेवटी घरच्या माणसाला जे दिसतं ते बाकावरच्यांना थोडंच दिसणार!

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला तशी बायको म्हणाली, "अहो, कंडक्टरच्या गोळ्या उद्या संपतील. कपाटातली दोन पाकिटं पोचवाल?"

"आत्ता तुला त्याचं पडलंय?"

"पोचवाल ना?"

"पोचवतो."

खरंच पोचवायला निघाला होता तो. कंडक्टर बस डेपोच्या मागे तळमजल्याच्या एका खोलीत एकटा राहायचा. दारात खुर्ची टाकून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस चापून बसवलेले. दुखणाईत माणसाला इतकं टापटीप राहायची काय गरज, असं मिस्त्रीच्या मनात आलं.

"या मिस्त्री, या! ताई कशा आहेत? ऑक्सिजन किती लिटरवर ठेवलाय?"

मिस्त्री पायरीवरच थबकला. "तुम्हाला कोण बोललं?"

"काल उजाडता उजाडता ताईंचाच फोन आला होता ना. म्हणाल्या, दम वेगळाच लागतोय आणि दात वाजतायत. मी म्हटलं, हा काही आपला नेहमीचा दम नाही, ताप आहे. मिस्त्रींना उठवा आणि सरळ दवाखाना गाठा. तर म्हणतात कशा, ते घाबरतात हो." कंडक्टर कौतुकाने हसला. "पण उठवलं बघा तुम्हाला. बरं झालं."

आपला नेहमीचा दम! आपला! शेजारी झोपलेल्या नवऱ्याला हात लावण्याआधी तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या या माणसाला उठवलं होतं. डॉक्टरांची शाबासकीसुद्धा मिस्त्रीची नव्हती, याची होती. मिस्त्रीचा हात खिशात होता. पाकिटांची टोकं बोटांना टोचत होती.

कंडक्टरची नजर त्या फुगलेल्या खिशावर गेली आणि लगेच बाजूला झाली. "बसा ना. चहा टाकतो."

"नको. इथून जात होतो, म्हणून डोकावलो."

"बरं," कंडक्टर म्हणाला. एवढंच. त्याने मागितल्या असत्या तर आपण दिल्या असत्या, असं मिस्त्री नंतर स्वतःला पुष्कळदा सांगणार होता. पण कंडक्टरने मागितल्या नाहीत, आणि मिस्त्री आला तसा परत फिरला.

"दिल्या?" बायकोने विचारलं.

"दिल्या."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? थँक्यू म्हणाले."

"नुसतं थँक्यू? कंडक्टर?" बायकोला नवल वाटलं. मिस्त्री सलाईनचे थेंब बघत राहिला.

पाकिटं त्याने दुकानाच्या खणात टाकली, सुयांच्या डबीशेजारी. बायकोचा फोन 'तुला आराम पाहिजे' म्हणून बंद करून स्वतःच्या खिशात ठेवला. गुरुवारी वाटलं, जाऊन देऊन टाकाव्यात. मग वाटलं, एवढा ऐटीत बसतो दारात, येऊ दे की मागायला. शुक्रवारी खण दोनदा उघडला आणि दोनदा लावला. शनिवारी वाटलं, खिडकीवर आल्याही असतील एव्हाना. खिडकी दवाखान्यातच होती, बायकोच्या वॉर्डापासून पन्नास पावलांवर. तो विचारायला गेला नाही.

रविवारी सकाळी मात्र त्याला राहवेना. पाकिटं घेऊन तो डेपोमागे गेला, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्यांना पहाटेच अँब्युलन्समधून नेलं. उभंसुद्धा राहता येत नव्हतं हो."

त्याच दवाखान्यात, बायकोच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर कंडक्टरला ठेवलं होतं. अतिदक्षता विभागाच्या दारात सिस्टरने अडवलं. "नातेवाईक का तुम्ही?"

"हो," मिस्त्रीच्या तोंडून गेलं.

"तीन दिवस गोळ्या नव्हत्या म्हणे यांच्याकडे. दाब भलताच वर गेलाय. कुणाला सांगायचं तरी!"

मिस्त्रीने पाकिटं पुढे केली. सिस्टरने ती हातातही घेतली नाहीत. "आता या काय कामाच्या? आता शिरेतून औषध चालू आहे."

कंडक्टरने त्याला पाहिलं होतं. दोन बोटांनी जवळ बोलावलं. मास्कमधला त्याचा चेहरा निळसर दिसत होता आणि केस विस्कटलेले होते. कामात राहून गेलं, असं मिस्त्री जिन्यावर मनाशी घोकत आला होता. ते ओठांवर येईना.

"ताईंना..." कंडक्टर एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलत होता. "दिल्या म्हणून... सांगितलंत?"

मिस्त्रीने मान डोलावली.

"मग तसंच... राहू द्या. त्यांना... त्रास नको."

त्याने शिवी हासडली असती तर मिस्त्रीने निमूट ऐकून घेतली असती. तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं. पण बायकोला त्रास नको, हा विचार इथे, या अवस्थेतही त्याच्या आधी त्या माणसाला सुचला होता. मिस्त्रीला शरम वाटली, आणि खोटं कशाला बोला, त्या शरमेतही पोटात दुखायचं ते दुखलंच.

मंगळवारी दुपारी कंडक्टर गेला. बुधवारी बायकोला घरी सोडणार होते. मिस्त्री वॉर्डात पोचला तेव्हा ती साडीच्या निऱ्या नीट करून पलंगाच्या कडेला बसली होती, आठ दिवसांनी पहिल्यांदा नळीशिवाय. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून तो आला होता.

"अगं, कंडक्टर..."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "कधी?"

"काल. इथेच होते. वरच्या मजल्यावर."

ती रडली, पण जपून जपून. रडतानाही तिला दम पुरवून वापरावा लागत होता. तो शेजारी बसला. ती काही विचारण्याआधी बोलायचं, असं म्हणत त्याने दोनदा घसा साफ केला.

"गोळ्या होत्या ना त्यांच्याकडे?" तिने विचारलं.

खरं सांगितलं तर मेलेल्या माणसाने मागितलेली एकच गोष्ट मोडणार होती. नाही सांगितलं तर त्यात सगळा फायदा मिस्त्रीचाच होता. कंडक्टरने नेमकं कुणाला वाचवलं होतं, हे आता विचारायचीही सोय नव्हती.

"होत्या," मिस्त्री म्हणाला.

"मग त्यांचं तेवढंच होतं म्हणायचं." तिने पदराने डोळे पुसले. "एक सांगू? तुम्हाला ते आवडायचे नाहीत, मला कळत होतं. त्या दिवशी तुम्हाला पाठवलं खरं, पण मनात धाकधूक होती. वाटलं, हे काही देणार नाहीत. तुमच्याबद्दल असं मनात आणलं मी. आणि तुम्ही गेलात, दिल्यात, वर एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीत."

एवढं बोलून तिला धाप लागली. मिस्त्रीने सवयीने विचारलं, "काय होतंय?"

"सांगते," ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "पाण्याखालून वर यावं ना, आणि तोंड बाहेर काढायला अजून वीतभर पाणी उरलेलं असावं, तसं होतं. जरा थांबलं की येतं तोंड बाहेर."

हे उत्तर तिचं स्वतःचं होतं. चार वर्षं तो याचीच वाट बघत होता. मिस्त्री हलला नाही. त्याला वाटलं, तिने डोकं उचलावं. आणि तिने ते उचलू नये, असंही वाटलं.

सिस्टर घरी सोडायचे कागद घेऊन आली. "ताई, बरोबर कोण आहे तुमच्या?"

"हे आहेत ना," बायको म्हणाली.

सिस्टरने कागद पुढे करून सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. सहीखाली पेशंटशी नातं लिहायचं होतं. बायकोने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. त्यामुळे 'पती' ही दोन अक्षरं लिहायला मिस्त्रीला फार वेळ लागला.