डेलने भरलेली काडतुसं

"नवऱ्याला भेट द्यायचीय का, अर्डिस?" दुकानदार किपने विचारलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्यासाठी हवाय," मी म्हटलं. "बायकांना विकत नाहीस का?"

किप हसला. किपला कशाचंही हसू येतं. काउंटरमागून बाहेर येऊन तो मला थेट त्या चकचकीत, फिरत्या यंत्रापाशी घेऊन गेला. दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार. पितळेची रिकामी पुंगळी ठोकली जाते, बारूद पडते, गोळी बसते, सगळं आपोआप. "डेलकडे हेच आहे," तो म्हणाला. "तुझा दीरच तुला शिकवेल की."

डेलचं नाव ऐकलं आणि मी हातातले मोजे काउंटरवर आपटले. गेल्या नोव्हेंबरमध्ये डेलने भरलेलं काडतूस माझ्या नवऱ्याच्या तोंडाशी फुटलं होतं. वापिती हरणाच्या शिकारीत ऑरिनने चाप ओढला, रायफलची मागची खिट्टी उडाली आणि त्याचा उजवा डोळा गेला. हे गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. किपलाही माहीत आहे. तरी तो मला डेलकडे शिकायला पाठवत होता!

"मला काडतुसं भरायचा साधा प्रेस हवा, एका वेळी एकच काम करणारा," मी म्हटलं. "दांडा ओढला की एकच गोष्ट झाली पाहिजे. म्हणजे चूकसुद्धा एका वेळी एकच होईल, आणि ती मला दिसेल."

मग त्याने एक हलका, अॅल्युमिनियमचा, समोरून उघडा असलेला प्रेस दाखवला. "बाईमाणसाच्या हाताला बरा." मी तो बाजूला सारला आणि खालच्या फळीवरचा बिडाचा बंद कडीचा प्रेस उचलून काउंटरवर ठेवला. उचलताना कमरेत कळ आली, पण किपसमोर हूं की चूं केलं नाही. सोबत गोळी उपसायची डाय मागितली. ही डाय प्रेसमध्ये बसवली की भरलेल्या काडतुसाची गोळी चिमट्यात धरून ओढून काढता येते.

"त्यासाठी प्लॅस्टिकची हातोडी मिळते. स्वस्तात," किप म्हणाला. "दोनदा आपटलं की गोळी बाहेर."

"आणि बारूद चहूकडे," मी म्हटलं. "मला बारूद नीट बघायचीय."

आता कुठे किपचं हसू मावळलं.

ऑरिनच्या अपघाताबद्दल सगळ्यांनी मला एकच ऐकवलं होतं, रायफल जुनी होती. शेरीफचा माणूस तेच म्हणाला, पाद्री तेच म्हणाला. खुद्द ऑरिन हॉस्पिटलच्या खाटेवर पट्टी बांधून पडलेला असताना तेच म्हणाला. आणि डेल? डेलने ब्र काढला नाही. टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला आणि निघून गेला. बायको सोडून गेल्यापासून तो दर रविवारी आमच्याकडे जेवायचा, माझ्या हातचा रस्सा पावाने पुसून खायचा. त्या दिवसापासून मी त्याला उंबरा चढू दिला नाही. फाटकाशी आला की मी खिडकीतून ओरडायची. काय काय बोलले असेन, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑरिन नुसता बशीत बघत बसायचा.

पण त्या फुटलेल्या काडतुसाच्या डबीतली उरलेली काडतुसं मी जपून ठेवली होती. ऑरिनला वाटत होतं, ती नदीत गेली. ती माझ्या लोकरीच्या मोज्यांखाली होती. डेलचा दोष निघाला, तर त्याच्याशी असलेली कुरणाची भागीदारी मोडायची, गुरं वाटून घ्यायची आणि त्याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ऑरिनला तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला, "कशाला उकरतेस, अर्डिस?" एक डोळा गेलेला माणूस मला विचारतो, कशाला उकरतेस!

प्रेस बसवायला मला अख्खा शनिवार लागला. गॅरेजमधलं ऑरिनचं टेबल प्लायवूडचं. त्यावर प्रेस ठेवून दांडा दाबला, तर सगळं टेबल बैलासारखं मान खाली घालायचं. गावातली बोलिंगची जागा बंद पडली तेव्हा आम्ही तिथल्या मेपलच्या फळीचा एक तुकडा आणला होता. त्यावर इतकी वर्षं गुरांना डाग द्यायच्या सळ्या ठेवलेल्या होत्या. त्या खाली टाकल्या, फळी टेबलावर चढवली, टेबलाच्या पायाच्या बरोबर वर भोकं पाडली आणि खालून रुंद वायसर लावून बोल्ट आवळले. कारखान्यातून आलेलं ग्रीस रॉकेलने पुसलं. पुंगळीचं बूड धरणारी चकती दांड्याने वरखाली होणाऱ्या दट्ट्यावर सरकवली. मग कॉफीचा कप काठोकाठ भरून फळीवर ठेवला आणि जीव खाऊन दांडा ओढला. कॉफी सांडली नाही.

ऑरिन दारात उभा राहून बघत होता. "आता आपण घरीच भरणार का?" त्याने विचारलं.

"या घरात यापुढे जे काडतूस येईल ते माझ्या हातचं असेल," मी म्हटलं. "आणि उद्या दुपारी डेलला बोलावलंय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. भावासाठी जीव तुटतोय याचा, असं वाटून माझ्या डोक्यात आणखीच तिडीक गेली.

रविवारी डेल आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात जांभळ्या हकलबेरीच्या जॅमची बरणी. बिचाऱ्याला वाटलं असेल, माफी मिळाली. मी बरणी घेतली नाही. "गॅरेजमध्ये चल," म्हटलं. ओव्हनमध्ये मांस आणि बटाटे शिजत होते. वास गॅरेजपर्यंत येत होता. ऑरिन आधीच स्टुलावर येऊन बसला होता.

प्रेस दिसल्याबरोबर डेलने सवयीने हात लावून पाहिला. "चांगला निवडलास. हलत नाही जराही."

"तुझ्या फिरत्या खेळण्यासारखा नाही तो."

"ते खरंय," तो म्हणाला.

मी खिशातून डबी काढली. डेलने ती ओळखली. ऑरिनने ओळखली. मी डाय आधीच बसवून ठेवली होती. काडतूस चकतीत सरकवलं, दांडा ओढून वर नेलं, गोळी चिमट्यात शिरली, वरची मूठ आवळली.

"अर्डिस, राहू दे ना," डेल म्हणाला. "माझंच चुकलं म्हण आणि सोड. तुला गुरं वाटायचीत, तर वाट."

"म्हणणार तर आहेच. आधी बघू दे."

दांडा उलटा फिरवला. पुंगळी खाली आली, गोळी वरच राहिली. बारूद पांढऱ्या बशीत ओतली आणि दिव्याखाली धरली.

रायफलच्या बारुदीच्या बारीक करड्या काड्या असतात, पेन्सिलचं शिसं कातरल्यासारख्या. बशीत त्या होत्याच. पण त्यांच्यात चपट्या, गोल टिकल्याही होत्या, मिरपूड सांडावी तशा. पिस्तुलाची बारूद! ती भडकन पेटते. रायफलच्या पुंगळीत ती पडली तर खिट्टी तोंडावर येणारच.

घरीच काडतुसं भरणाऱ्या लोकांत मी वाढले, तिथे लहानपणापासून हेच शिकवतात. फळीवर एका वेळी बारुदीची एकच बाटली ठेवायची. काम संपलं की बारूद मोजायच्या मापात उरलेली ज्या बाटलीतली, त्याच बाटलीत परत ओतायची. दोन बाटल्या शेजारी आल्या की आज ना उद्या कुणीतरी चुकीच्या बाटलीत ओततो.

"दोन बाटल्या!" मी ओरडले. "दोन बाटल्या ठेवल्यास फळीवर! शेण खाल्लंस आणि वर्षभर तोंड शिवून बसलास? माझ्या नवऱ्याचा डोळा गेला, डेल! पिस्तुलाची बारूद रायफलच्या बाटलीत ओतलीस, मूर्खा!"

"हो," डेल म्हणाला. मान खाली. "माझी चूक."

फार पटकन म्हणाला. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. डेलकडे पिस्तूल नाही. कधीच नव्हतं. त्याला त्या वस्तूचा तिटकारा आहे. आमच्या घरात एकच पिस्तूल आहे, अस्वलांच्या भीतीने डोंगरात जाताना कमरेला लावायचं. ते ऑरिनचं. आणि त्याची काडतुसं ऑरिन डेलच्या गॅरेजमध्ये, डेलच्या यंत्रावर भरायचा, कारण आमच्याकडे यंत्र नव्हतं.

मी वळले. ऑरिन काचेच्या डोळ्याखालची जागा अंगठ्याने चोळत होता.

"डेलने सांगितलं होतं, माझी रायफलच्या बारुदीची बाटली आधी कपाटात ठेव," तो म्हणाला. "मी नाही ठेवली. भरून झालं, मापातली उरलेली परत ओतली, त्याच्याच बाटलीत, आणि घरी आलो."

"मी दुसऱ्या दिवशी भरण्याआधी बघायला हवं होतं," डेल घाईने म्हणाला. "बाटली हलवली नुसती. आत बघितलंच नाही."

"तू गप्प बस," मी म्हटलं. मग ऑरिनला विचारलं, "कधी कळलं तुला?"

"हॉस्पिटलमध्ये. डेल उरलेली बाटली बघून आला होता."

"म्हणजे वर्षभर तू मला त्याच्यावर भुंकू दिलंस? समोर बसून बटाटे खात?"

"तुझा राग मला सोसला नसता, अर्डिस. तेव्हा तर नाहीच."

"आणि याला सोसला?"

डेल जायला निघाला. मी त्याची बाही धरली. "बस तिथे. जेवल्याशिवाय हलायचं नाही. खोटारडा तूही आहेस, पण तू जेवणार आहेस." मी स्वयंपाकघरात जाऊन त्याचं ताट वाढून आणलं आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. रागाने ते असं आदळलं की रस्सा ताटाच्या कडेवरून गळला. डेल उभ्यानेच खायला लागला.

"आणि तू," मी ऑरिनला म्हटलं, "उरलेली सगळी उघड. एकेक. मी बघणार आहे."

ऑरिन उठला. डबीतून काडतूस घेतलं आणि चकतीत बसवायला पुढे नेलं. ते चकतीच्या अलीकडे हवेतच थांबलं. पुन्हा नेलं. या वेळी पलीकडे गेलं. एका डोळ्याने त्याला अंतर कळत नव्हतं, आणि दार, कप, पायऱ्या सांभाळत वर्षभर त्याने ते माझ्यापासूनही लपवलं होतं. तिसऱ्यांदा काडतूस बिडावर खणकन आपटलं. डेलने खाणं थांबवलं.

मी अजून संतापलेलीच होते. तशीच पुढे झाले, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि काडतूस चकतीत बसवलं.

"ओढ," मी म्हटलं.