राखीची धुंड

त्या वर्षी तांड्यात एकही मुलगा जन्मला नव्हता. म्हणून होळीच्या आदल्या दिवशी तांड्याच्या नायकानं, किसनसिंगनं, ओट्यावर बसून सांगून टाकलं, यंदा धुंड नाही. होळी पेटवा, गाणी म्हणा, रंग खेळा.

ऐकणारे जरा हिरमुसले. दारव्ह्यापासून आत, कापसाच्या वावरांमधल्या या बंजारा तांड्यात धुंडीशिवाय होळी म्हणजे निव्वळ धूर. घरात मुलगा झाला की होळीला त्याच्या अंगणात खुंट रोवायचा. गोड पुऱ्यांनी भरलेला गंज, म्हणजे पितळी पातेलं, त्याला बांधायचा. भोवती बाया काठ्या घेऊन उभ्या राहणार आणि पुरुष गात गात तो खुंट उपटायला येणार. या पुरुषांना गेरिये म्हणतात. बाया त्यांना मनसोक्त झोडपतात. मग गेरिये लेकराच्या डोक्यावर काठ्या आडव्या धरून आशीर्वाद गातात आणि पुऱ्या सगळे मिळून खातात.

किसनसिंगच्या स्वतःच्या घरात दिवाळीला लेकरू झालं होतं. त्याच्या मुलाची, संजयची मुलगी. राखी.

संजयची बायको ममता चहा घेऊन आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, म्हणून ती दारात बसलेल्या सासूकडे, तिच्या याडीकडे वळली, पण आवाज ओट्यापर्यंत पोचेल असा ठेवला.

"याडी, आपल्या घरी लेकरू झालं ना? मंग धुंड काहून नाई?"

किसनसिंगनं कप खाली ठेवला. तोही बायकोकडेच पाहून बोलला. "तिले सांग, पोट्टीची धुंड नसते."

"याडी, काठ्या घेऊन कोण उभं राह्यते? बायाच ना? दरसाली दुसऱ्याच्या पोट्ट्यासाठी उभं राहाचं, अन् आपल्या पोट्टीसाठी नाई?"

"खेळ हाये तो," किसनसिंग म्हणाला. "खेळाचे बी नियम असतात."

"खेळ नाई तो," जमनी म्हणाली.

जमनी ही त्याची बायको. धुंडीत पहिली काठी कित्येक वर्षं तिचीच असे आणि तिच्या मनगटाला सगळे गेरिये भीत. एरवी ती नवऱ्यापुढे फारसं बोलत नसे.

"माही सासू सांगे. बैलाइच्या पाठीवर धान्य लादून तांडा हिंडे, तवाची गोष्ट. गडी पाणी पाहाले दूर गेलते. मांगून लुटारू आले. बायाइनं गोण्या मधी टाकल्या अन् भोवताल काठ्या घेऊन उभ्या राह्यल्या. कईक जखमी झाल्या, काही मेल्याबी. पण गोणी जाऊ देल्ली नाई. ते हे उभं राहणं हाये."

"माही माय मले तं कधी नाई बोलली असं."

"तुमाले कायले सांगन? तुमी खुंट उपडायले येणारे."

ओट्यावर कुणीतरी हसलं. त्या हसण्यानंच बिघडलं. किसनसिंग उठून उभा राहिला.

"रोवा खुंट. एकबी गेरिया त्या अंगणात पाय ठेवणार नाई. नायक म्हणून सांगतो."

ममताचा चेहरा पदराआड उतरला. गेरिये आले नाहीत तर धुंड पुरी होत नाही. आणि रोवलेल्या खुंटाला गेरिये न भिडता दिवस मावळला, तर ते लेकराला वाईट, असं तांड्यात मानतात. किसनसिंगला ते ठाऊक होतं. जमनीलाही.

तांड्याच्या रीतीप्रमाणे पहाटे होळी पेटली. उजाडल्यावर जमनीनं सब्बल घेतली आणि अंगणात खड्डा खणला. ममतानं पुऱ्या तळल्या, गंज भरला. संजय घरात खाटेवर बसून होता.

"तुमी येता का?" ममतानं विचारलं.

"बाले काय सांगू?"

ती काठी उचलून बाहेर गेली.

शेजारची लालीबाई आली. बसंतीबाई आली. आणखी काहीजणी आल्या, काहीजणी आपल्या दारातूनच पाहत राहिल्या. खुंटाभोवती कडं करून बाया उभ्या राहिल्या. तिकडे देवळासमोर भोंग्यावर गाणी लागली होती. पुरुष नाचत होते, रंग उडत होता. इकडे कुणी फिरकलं नाही.

ऊन चढलं. पितळी गंज तापला. बायांच्या काठ्या हातातून जमिनीवर टेकल्या. घरात राखी रडून झोपली, उठून पुन्हा रडली. दुपार कलली तशी लालीबाई जमनीच्या कानाशी आली.

"बाई, काढून टाकू. दिस मावळला तं उगाच लेकराले काही..."

पण ममतानं ऐकलं होतं. इतका वेळ धरलेला तिचा धीर तिथे सुटला. तिनं काठी टाकली, खुंटाला दोन्ही हात घातले.

"राहू दे," जमनी म्हणाली.

"याडी, माह्या लेकराच्या जिवावर नोको."

"मी सांगते ना, राहू दे."

तेवढ्यात भोंगा बंद पडला.

गाणं मध्येच तुटलं आणि तांडा एकदम गप्प झाला. मग गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. पुढे बबलू, किसनसिंगचा पुतण्या. दरसाली गेरियांचा म्होरक्या तोच. पण गेरिये गात येतात, आणि हे गात नव्हते. काहींच्या पोटात दारू होती.

"काकी, खुंट काढा. नायकानं सांगतलं, दिस मावळाच्या आत."

"तूच उपड."

"मी खेळाले आलो नाई, काकी."

"मीबी नाई."

बबलूनं पाय पुढे टाकला. जमनीची काठी त्याच्या खांद्यावर बसली. मग सगळेच आत घुसले. धुंडीत बाया मारतात ते हसत मारतात, पुरुष ओरडतात ते नाटक करत ओरडतात. आज कुणीच हसत नव्हतं. लालीबाई ढकलली गेली, पडली, पडल्या पडल्या तिनं एकाचे पाय धरले. ममतानं आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. ती डोळे मिटून काठी फिरवत राहिली, आणि पदर कधी खाली पडला तिला कळलं नाही. दारातून नुसत्या पाहणाऱ्या बायाही आता हातात येईल ते घेऊन धावल्या. एकाचा हात खुंटापर्यंत पोचला. खुंट हलला. बसंतीबाईनं त्या हातावर काठी घातली.

मग बबलूची काठी फिरली आणि जमनीच्या मनगटावर आदळली. कडकन आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला.

जमनीची काठी खाली पडली. ती वाकली, डाव्या हातानं काठी उचलली आणि परत खुंटापुढे उभी राहिली. उजवा हात लोंबत होता.

बबलू मागे सरला. "काकी, मी... मले मारायचं नोतं."

कुणी पुढे आलं नाही. जमनीनं खुंटाकडे पाहिलं, मग समोरच्या एकेका गड्याकडे.

"गेरिये आले," ती म्हणाली. "बायाइनं झोडपले. खुंट जाग्यावर हाये. आता धुंडीचं काय राह्यलं? आशीर्वाद राह्यला. म्हणा."

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. खुंट काढायला आले होते, आणि आल्यामुळेच धुंड झाली होती. बबलूनं मान खाली घातली. देवळाजवळ किसनसिंग एकटाच उभा होता. तो पुढेही येईना, मागेही जाईना.

राखीला घेऊन संजय घराबाहेर आला. त्यानं लेकरू ममताच्या कडेवर दिलं, जमिनीवरची एक काठी उचलली आणि मुलीच्या डोक्यावर आडवी धरली. आशीर्वादाचे शब्द त्याला पुरते येत नव्हते. दोन ओळींनंतर तो अडला, तेव्हा मागून एका म्हाताऱ्या गेरियानं पुढची ओळ धरली. मग आणखी काहीजणांनी. बबलू शेवटपर्यंत गप्पच राहिला.

पुऱ्या वाटायला कुणी थांबलं नाही. जमनीचं मनगट तोवर काळंनिळं झालं होतं. संजयनं जीप बोलावली. ममता राखीला घेऊन सासूजवळ बसली. गाडी सुरू झाली तेव्हा किसनसिंग आला, दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसला. दारव्ह्यापर्यंत त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं हात पाहिला, जमनीचा रंगानं, धुळीनं माखलेला चेहरा पाहिला.

"काठीचा मार दिसतो. कोणी मारलं का, आजी?"

जमनीनं संजयकडे पाहिलं, संजयनं बापाकडे. डॉक्टरनं किसनसिंगकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांचे?"

"घरवाला." "धुंड होती आमच्या घरी. आमच्यात होळीले असते. बाया राखण करतात, गडी हल्ला करतात. त्यात लागलं."

"मुलगा झाला का घरात? असं काहीतरी ऐकलंय मी."

किसनसिंगनं मागे वळून पाहिलं. बाकड्यावर ममताच्या मांडीवर राखी झोपली होती, कपाळावर कुणीतरी लावलेला गुलाल घेऊन.

"नातीची होती," तो म्हणाला.

डॉक्टरनं मान हलवली आणि जमनीचा हात सरळ करायला घेतला. तेव्हा कुठे ती ओरडली.